गुंतवळाची पिशवी

१

रविवारी सकाळी नाश्ता झाला की बाबा कोठीच्या खोलीचं कुलूप काढत आणि जयंती रजिस्टर घेऊन स्टुलावर बसे. हा नेम ती सातवीत असल्यापासूनचा. आता ती दहावीत गेली होती.

बाबा म्हणजे डॉ. प्रल्हाद साबळे. ते विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मातीतल्या बुरशीचा अभ्यास करत. लहान मुलांच्या डोक्यात नायटा होतो, गोल चट्टा पडतो, केस जातात. ती बुरशी जयपुरात कुठल्या कुठल्या मातीत राहते, हे त्यांना शोधायचं होतं. विभागातली कपाटं भरून गेली होती, म्हणून राजा पार्कातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, एरवी जिथे गहू-तांदूळ राहिले असते तिथे काचेच्या चपट्या डिश एकावर एक रचलेल्या असत. प्रत्येक डिशमध्ये मूठभर ओलसर माती आणि मातीवर केसांचे तुकडे. केस हे आमिष. मातीत ती बुरशी असेल तर दोन-तीन आठवड्यांत केसांवर पांढरा कापूस धरतो. बुरशी केस खाते. केस झिजतो, त्याला भोकं पडतात, शेवटी तुटतो.

"जे वाढतं ते कशावर तरी वाढतं," बाबा सांगत. "आधी त्याचं खाद्य शोध. नाव मागाहून दे."

केस कापायचं काम जयंतीचं. आलेखाच्या कागदावर केस ठेवायचा आणि दर सेंटिमीटरला कात्री लावायची. मग तुकडे इथरमध्ये धुवायचे आणि लाल ठिपक्याच्या कुकरात निर्जंतुक करायचे. घरात कुकर दोन होते. ठिपका नसलेला वरण-भाताचा, ठिपक्याचा मातीचा. ठिपका आईनेच नेलपॉलिशने काढला होता.

त्या रविवारी, १९८६च्या एप्रिलात, बाबा एकेक झाकण उचलून सांगत होते आणि जयंती लिहीत होती. सत्तावीस, शाळेचं मैदान, कापूस आहे. अठ्ठावीस, मालवीय नगरचा गोठा, कापूस आहे. एकोणतीस, झालानाची टेकडी, नाही. चाळीसपर्यंत पोचल्यावर तिने रजिस्टर मिटलं, कारण डिश चाळीसच होत्या.

मग तिला खालच्या फळीवर, मागे, एक आणखी दिसली. चिकटपट्टीवर बाबांच्या अक्षरात ४१. ठिकाण लिहायची रेघ कोरी.

"ही कुठली, बाबा?"

"ती राहू दे."

पण झाकण काचेचं होतं आणि जयंतीची नजर बारीक होती. आतले केस काळे होते, कुरळे. त्यांच्यावर कापूस नव्हता. आणि ते एक सेंटिमीटरचे नव्हते. चांगले दीड तरी असतील. आपण कापताना असं कधी चुकत नाही, तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, हे आपण कापलेलेच नाहीत.

२

ते केस कुणाचे, हे तिला जेवताना कळलं. घास तोंडात तसाच राहिला.

पूर्वी सुखदेव, म्हणजे विभागातला चपराशी, न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून देई. पण ते मेंदी नाहीतर तेल लावलेले. बाबा वैतागत. तेव्हा आई हसून म्हणाली होती, "माझं गुंतवळ घ्या थोडं. शिकेकाईशिवाय त्याला काही ठाऊक नाही."

विंचरताना फणीत येणारे केस आई कधी फेकत नसे. बोटाभोवती गुंडाळून त्याचा गोळा करायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या कापडी पिशवीत टाकायचा, अशी तिची कऱ्हाडची सवय. "जयूच्या लग्नात ह्याचं गंगावन करणार," ती म्हणे. "पोरीचे केस बापावर गेलेत. सरळ, तपकिरी, शेपटीएवढे. वेणीला जोड नको का?"

नोव्हेंबरात आईला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. मीनाक्षी प्रल्हाद साबळे, वय अडतीस. आठव्या दिवशी दुपारी, इस्पितळाच्या खाटेवर उठून बसून, तिने जयंतीला पाठमोरं बसवलं आणि वेणी घालून दिली. आई डावरी. तिचे पेड उलट्या बाजूने पडत आणि वेणीला एक डावा पीळ येई; शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या. वेणी शेवटपर्यंत आली आणि आईचे हात खाली गेले. "थकले गं," ती म्हणाली. फीत बांधायची राहिली. जयंती वेणीचं टोक मुठीत धरून घरी आली आणि रात्री झोपेतही तिने मूठ सोडली नाही. सकाळी उठली तेव्हा वेणी सुटलेली होती, आणि आईही नव्हती.

त्यानंतर तिने बाबांकडे एकच गोष्ट मागितली होती. ती पिशवी तशीच राहू द्या.

जेवण टाकून ती दारामागे गेली. पिशवी होती, पण वरचा गोळा उलगडून पुन्हा गुंडाळलेला होता. गोळा उजव्या हाताने गुंडाळलेला. आईचा तसा नसे.

ती बाबांना काही बोलली नाही. पाच महिने त्या घरात कामापलीकडे कुणी कुणाला काही बोलत नव्हतं.

३

मेच्या सुरुवातीला आत्या आली. इंदुबाई, बाबांची थोरली बहीण, कऱ्हाडहून दोन दिवसांचा प्रवास करून, लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन. आल्या आल्या तिने लाल ठिपक्याच्या कुकरात डाळ घातली.

"आत्या, तो नको! तो मातीचा आहे!"

"मातीचा कसा? चांगला ॲल्युमिनियमचा दिसतोय."

"मतलब, त्यात बाबा माती शिजवतात."

आत्याने डाळ काढली, कुकराकडे पाहिलं, मग भावाच्या खोलीकडे. "माती शिजवतो. बरं बाई. आणि पोरीला काय शिजवून घालतो?"

ती कशाला आली होती ते तिने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. जूनमध्ये जयंतीला कऱ्हाडच्या शाळेत घालायचं. आईविना पोर, बाप मातीत डोकं घालून बसलेला, ह्याला घर म्हणत नाहीत. बाबा ऐकत होते. 'नाही' म्हणाले नाहीत. जयंती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढा एकच शब्द तिला हवा होता.

दुसऱ्या दिवशी आत्याने तिला समोर बसवून डोक्याला खोबरेल चोपडायला घेतलं आणि हात थांबला.

"प्रल्हाद! आधी इकडे ये!"

मानेच्या थोडं वर, वेणीखाली झाकलेला, रुपयाएवढा गोल चट्टा होता.

"घे. डॉक्टराच्याच घरात नायटा. गावच्या पोरांची डोकी तपासत हिंडतोस, हिच्या डोक्यावरून गेल्या सहा महिन्यांत हात तरी फिरवलास?"

बाबांनी हात फिरवला नाही. चिमट्याने दोन खुंट काढले, काचपट्टीवर ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहत राहिले. जयंती मागे उभी होती. बाबांची मान हळूहळू ताठ होत गेली.

"बुरशी नाही," ते म्हणाले. "केस झडलेले नाहीत. कापलेत."

आत्या जयंतीकडे बघू लागली. मग ती म्हणाली, "असं करू नये गं पोरी. आईसाठी रडावं. केस कापू नयेत."

"मी नाही कापले."

आत्याने तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली. जयंतीलाही स्वतःची खात्री नव्हती. झोपेत कापले असतील का? कात्री तर तिच्याच कंपासपेटीत असायची.

४

मे महिन्यात जयपुरात दुपारी बाहेर कुणी नसतं. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पाणी मारायचं, कूलर लावायचा आणि झोपायचं. आत्या पुढच्या खोलीत घोरे. बाबा कोठीत असत. जयंती मधल्या खोलीत चटईवर पालथी पडे.

कूलरच्या आवाजात दुसरे आवाज बुडतात, पण एक बुडत नव्हता. तो बारीक होता, एकसारखा. थोडा थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दात असलेली एखादी वस्तू ओल्या केसांतून ओढावी तसा. तिने कूलर बंद करून पाहिला. आवाज थांबला. पुन्हा लावला. कूलरचाच पंखा घासतो, तिने ठरवलं. पण पंखा घासला तर डोकं का हलकं वाटतं, मानेला गार का लागतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा झोप इतकी गोड का येते, हे तिला ठरवता येईना.

जागी झाली की ती चट्ट्यावर बोट फिरवून बघे. चट्टा वाढत होता.

तिसऱ्या दिवशी बाबा विद्यापीठात गेल्यावर तिने कुलूप उघडलं. किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक होतं. सुखदेव मातीची नवी पाकिटं घेऊन आला होता. तो दारातच उभा राहिला.

"बिटिया, वो नीचेवाली डिश हमने नहीं रखी," तो म्हणाला. "साब रोज उसके पास बैठते हैं। हमको अच्छा नहीं लगता।" पाकिटं उंबऱ्याशी ठेवून तो निघून गेला. एरवी तो चहा घेतल्याशिवाय हलत नसे.

जयंतीने एकेचाळीस नंबरची डिश उजेडात धरली. काळे केस आता तीन-चार सेंटिमीटर झाले होते आणि झाकणाखाली वळत चालले होते. त्यांच्या मधेमधे, व्यवस्थित एकाशेजारी एक लावलेले, सरळ तपकिरी तुकडे होते. एक सेंटिमीटरचे. ज्या काळ्या केसाशेजारी तपकिरी तुकडा होता तोच जास्त लांब होता. आणि त्या तुकड्यांना भोकं पडली होती.

आमिष, तिच्या मनात आलं.

बाबा जे करतात तेच तिने केलं. डिशच्या कडेने चिकटपट्टी लावली, पट्टीच्या जोडावर शाईने स्वतःची सही केली आणि तुकडे मोजले. सतरा. कात्री तिने पेटीतून काढून आत्याच्या उशाखाली ठेवली. आता कुणी केस कापून डिशमध्ये ठेवले, तर सही फाटल्याशिवाय राहणार नाही.

रविवारी सही अखंड होती. तुकडे एकतीस होते. आणि डिशला नाक लावलं तर, पट्टी असूनही, शिकेकाईचा वास येत होता.

तिला भीती वाटायला हवी होती. तिने डिश गालाला लावली आणि तशीच बसून राहिली.

५

पट्टी काढायची की नाही, ह्या विचारात तिचा हात फळीवरच्या बाबांच्या जुन्या वहीला लागला. एकेचाळीस नंबरचं पान त्यात होतं. रजिस्टरमध्ये नव्हतं ते इथे होतं. माती: गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीतली. ह्याच कुंडीत आई न्हाऊन आल्यावर केस झटकायची. केस: मी., म्हणजे मीनाक्षी. खाली तारखा, रोजच्या. लांबी दीड, दोन, दोन पूर्णांक सहा. आणि मेपासून एक नवा रकाना.

तपकिरी: ४. तपकिरी: ९. तपकिरी: १७. तपकिरी: ३१.

शेवटचा आकडा त्याच सकाळचा होता.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. हातात डोळ्यांवरून काढलेला चष्मा.

"तुम्हाला माहीत होतं," जयंती म्हणाली.

"जयू..."

"आत्या मला बोलत होती तेव्हासुद्धा माहीत होतं. तुम्ही मोजत होतात."

बाबा खालच्या पोत्यावर बसले. त्यांचे खांदे इतके लहान आहेत, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"सुरुवातीला नव्हतं," ते म्हणाले. "मला फक्त तिच्याजवळ काय राहत होतं ते बघायचं होतं. एखादी बुरशी, काहीही. तिच्यासोबतचं काहीतरी जिवंत. मग ते वाढायला लागलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "वास येतो. तुला येतो ना? मला वाटायचं, मलाच येतो."

"येतो."

"फक्त पुढच्या रविवारपर्यंत थांबू, जयू. पुढचा रविवार. मग मी स्वतः..."

हे ते तिच्याकडे बघून बोलत नव्हते. डिशकडे बघून बोलत होते. जयंतीला वाटलं आपल्याला राग येईल. राग आला नाही. तिने वेणीची फीत सोडली, केस पुढे घेतले आणि पोत्यावर, बाबांच्या गुडघ्याशी वाकून, डोकं टेकवलं.

"घेऊ दे तिला," ती म्हणाली. "माझे खूप आहेत. परत येतील. नाही आले तरी चालेल मला."

बऱ्याच वेळाने बाबांचा हात तिच्या डोक्यावर आला. आधी कपाळापाशी, मग मागे सरकला. चट्ट्याशी आला आणि कडेकडेने फिरत राहिला, कारण चट्टा आता तळहाताएवढा होता. हात थांबला.

"जे वाढतं..." ते पुटपुटले, आणि पुढचं बोललेच नाहीत.

ते उठले. डिश उचलली. स्वयंपाकघरात गेले.

६

आत्या कऱ्हाडची तिकिटं काढायला स्टेशनवर गेली होती. घरात दोघंच होती.

बाबांनी लाल ठिपक्याचा कुकर गॅसवर ठेवला, पाणी घातलं, डिश आत ठेवली आणि झाकण लावलं. लावताना शिट्टी दोनदा खाली पडली. "पंधरा मिनिटं," ते म्हणाले. हे ते नेहमीच म्हणत. पंधरा मिनिटांत त्या वाफेत काहीही जिवंत राहत नाही.

मग ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले आणि मोठ्याने रडले. इस्पितळात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते. जयंती त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी राहिली.

शिट्टी झाली आणि शिकेकाईचा वास घरभर पसरला. इतका, की डोळे झोंबले. आई न्हाऊन ओल्या केसांनी घरातून फिरली की यायचा, तसा. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, तिथून पुढच्या खोलीत, तिथून परत. मग वास विरला आणि भाजल्या मातीचा तेवढा उरला.

झाकण उघडलं तेव्हा डिश तडकली होती. आत काळी माती होती. केस नव्हते. वाफेत केस विरघळत नाहीत, हे जयंतीला माहीत होतं. बाबांनाही होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"इंदूताईला सांगतो मी," बाबा तोंड धुऊन आल्यावर म्हणाले. "तू कुठे जायची नाहीस. तिकीट एकच ठेवायचं."

हा तो शब्द होता. आत्या आल्यापासून तिने ह्याची वाट पाहिली होती.

"बस," ते म्हणाले. "वेणी घालून देतो. ताई आल्यावर तुला अशी बघेल तर माझा जीव घेईल."

"तुम्हाला येते?"

"पेड तीनच असतात ना? जमवतो. फणी आणतो, थांब."

ती मधल्या खोलीत पाटावर बसली, कोठीच्या दाराकडे पाठ करून. बाबा आत खुडबुड करत होते. कूलर घरघरत होता. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की फणी परकराच्या घोळात, आपल्याच मांडीवर आहे, फितीशेजारी. ती हाक मारणार, इतक्यात केस मागून उचलले गेले.

बोटं ओली होती. बाबांनी हात पुसलेले दिसत नाहीत, तिला वाटलं. पण बोटांना घाई नव्हती. त्यांनी चट्ट्याभोवतीचे केस आधी जवळ घेतले, चट्टा झाकला, मग तीन पेड केले. पहिला पेड डावीकडून पडला. दुसराही. बाबा शिकले की काय, तिला वाटलं, आणि ती थोडी हसली.

"जयू," बाबांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "फणी कुठे ठेवलीस गं?"

बोटं थांबली नाहीत.

जयंतीने मान हलवली नाही. पेडांवर पेड पडत होते. तिचे केस जेमतेम खांद्याखाली यायचे. वेणी केव्हाच त्याच्या पलीकडे गेली होती. पाठीवरून कमरेकडे ती उतरताना तिला कळत होती, जड, गार, डाव्या पिळाची. आता बाबा दारात आले, की हे संपेल. ते तिला सोडवतील. एका हाकेचं काम होतं.

"गच्चीवर असेल, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. "कुंडीपाशी बघा. सावकाश शोधा."

बाबांची पावलं जिन्याने वर गेली.

वेणी शेवटाला आली. मागचे हात तिथेच थांबले, वेणीचं टोक धरून, दमल्यासारखे.

जयंतीने मांडीवरची फीत उचलली आणि मागे न बघता खांद्यावरून धरली.

ती तिच्या हातातून घेतली गेली.